कूस बदलणारं विमान

"झालं! पुन्हा सरळ!" जितेंद्रने रिमोट मित्राच्या, किरणच्या, हातात कोंबला आणि कपाळाला हात लावला.

असोद्याबाहेरच्या पडीक रानावर त्याचं विमान घिरट्या घालत होतं. एक पंख जमिनीकडे, दुसरा आभाळाकडे, असं कुशीवर उडत मैदान पार करायचं, एवढीच तर कसरत. उद्या धुळ्याच्या स्पर्धेत ती आली नाही, तर बाकी सगळं येऊन उपयोग शून्य. पण उंची टिकवायला शेपटीचं सुकाणू दाबलं, की हे बेणं आपणहून कूस बदलून सरळ व्हायचं.

जितेंद्र दीपनगरच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ. महिनाभर त्याने काय नाही केलं! सुकाणू बदललं, बॅटरी पुढेमागे सरकवली, बायकोचं, डिंपलचं, डोकं खाल्लं. पंख तेवढा तपासला नाही. त्याचे दोन भाग त्याने स्वतः लेव्हल लावून सपाट चिकटवले होते, आणि स्वतःच्या हातावर माणसाचा फार विश्वास.

त्यात वडिलांचा राग वेगळाच. आबा, म्हणजे रतिलालभाऊ, केळीबागेपलीकडे जग न बघणारे. विमानाला 'खेयणं', म्हणजे खेळणं, म्हणायचे. एकदाही उडताना बघायला आले नाहीत. मागे जितेंद्रने बक्षिसाची ढाल समोर ठेवली, तर म्हणाले, "बागेत पाणी सोडलं का?" ते त्याला अजून सलत होतं.

किरणने विमान उतरवलं. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला.

"इकडे ये. दोन्ही टोकं वर उचललेली आहेत. मधे दोऱ्याखाली बोट जातंय बघ."

"शक्यच नाही!"

"मग बोट कसं गेलं? टोकं वर असली की विमान सरळच व्हायला बघणार. शिकाऊ विमानांना मुद्दाम ठेवतात तसं."

जितेंद्र तणतणत घरी आला. "पंखाचा जोड वाळत होता तेव्हा कोण शिरलं होतं त्या खोलीत?"

आबा ओट्यावर बसले होते. जागचे हललेही नाहीत.

"मी. मधला भाग फळीवर, अन् दोन्ही टोकं लटकेल. मले वाटलं, मोडी जातीन. बांबूचे टेकू देले, चांगले ठोकून. केयीले देतो तसे."

घड भरला की केळी वाकते, मोडते. म्हणून तिला टेकू द्यायचा. उभ्या आयुष्यात आबांनी लोंबणारी वस्तू बिनटेकूची सोडली नव्हती.

"अन् मला सांगितलं का नाही?"

"तू येयाच्या आधी काढी टाकले. तू वरडतो ना."

"महिना गेला माझा, आबा! महिना!" जितेंद्र करवत घेऊन तरातरा आत गेला. पंख मधोमध कापायचा, पुन्हा सपाट जोडायचा. रडत बसायला वेळ कुठे होता?

डिंपल मागोमाग आली. हळूच म्हणाली, "त्या दिवशी आपली कापणी होती. घड न्यायला ट्रक येऊन उभा होता बांधावर. दोनदा निरोप आला, आबा गेले नाहीत. पंखावर मांजर चढेल म्हणून काठी घेऊन बसले होते. जेवलेही तिथंच."

कापणीच्या दिवशी आबा घरी? स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कापणीला गेलेला माणूस! जितेंद्रने करवत खाली ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. किरण होता. "कापलास का पंख?"

"नाही. रिमोटमध्येच तोड काढतो. सुकाणू दाबलं की विमान जितकं सरळ व्हायला बघेल, तितकंच त्याला आपोआप उलट्या कुशीला ढकलायचं. तसं सेटिंग भरतो."

"अरे, पण पंख तर वाकडाच राहील ना!"

"राहू दे," जितेंद्र म्हणाला. "अन् ऐक, उद्या गाडीत पुढच्या सीटवर आबा बसतील. नाही म्हणाले तर उचलून आणतो."