माशांना हाकलण्याचं यंत्र

मासे पळायला हवे होते. ते आले.

आधी पाच-पन्नास, मग डोहाचं पाणी काळं दिसेपर्यंत. पाण्याखाली सोडलेलं यंत्र टक् टक् करत होतं आणि देवाचे मासे त्याला तोंड लावत होते.

यंत्र मुळात समुद्रातलं. तिकडे पवनचक्क्यांचे खांब ठोकताना पॉरपॉइज नावाचा डॉल्फिनसारखा प्राणी जवळ असू नये, म्हणून पाण्यात आवाज सोडतात. तो त्रासून लांब जातो. बीड जिल्ह्यात समुद्र नसल्यामुळे यंत्राला यायला जरा उशीर झाला. गावच्या नळयोजनेसाठी महादेवाच्या डोहातला खडक सुरुंगाने फोडायचा होता. देवस्थानचे अध्यक्ष कल्याणआप्पा यांची अट होती: देवाचा एकही मासा मरता कामा नये, यंत्र लावल्याशिवाय सुरुंग नाही.

मेंढरं राखणारा म्हाळू धावत डोहाच्या घाटाच्या पायऱ्या उतरला. बायको साखराबाई गेल्यापासून तो रोज पाण्यात दगडावर दगड वाजवून या माशांना पिठाच्या गोळ्या घालायचा. दिवसभरात त्याचं बोलणं व्हायचं ते तेवढंच.

"ताई, बंद करा ते! त्येंला वाटतंय, जेवाय बलवलं."

इंजिनियर ईश्वरीने यंत्र बंद केलं. मासे हलेनात. पंगतीला बसल्यासारखे थांबून राहिले.

"मामा, तुम्हीच हाकला ना त्यांना."

"बलवाय शिकवलं ताई. हाकलाय न्हाई शिकवलं."

त्याने दगड मारून पाहिले. मासे दगडांवर तुटून पडले.

भरलेला सुरुंग तसाच ठेवता येत नाही. तासाभराने डोहावर पांढरी पोटं तरंगत होती.

"आप्पा, फुडच्या बारीला यंत्र नगा लावू," म्हाळूने हात जोडले. "उरलेल्यांला मी बलवून वरल्या अंगाला नेतो."

"देवाच्या माशांची जोखीम तुझ्या दगडावर सोडू व्हय बे? अट म्हंजी अट."

दुसऱ्या दिवसापासून म्हाळू घाटावर बसला. दगड वाजवायचा. मासे तोंड उघडून वर आले, की काठीने झोडपायचा. रोज. पिठाची एक गोळी नाही. पाणी लाल व्हायचं, तरी त्याचा हात थांबायचा नाही. तोंड भिजलेलं असायचं. पाणी उडत होतं म्हणा.

"म्हातारं येडं झालं," धुणं धुणाऱ्या बाया म्हणाल्या आणि आप्पांना सांगून आल्या.

पुढच्या सुरुंगाला यंत्र पुन्हा पाण्यात उतरलं. पहिल्याच टकटकीला उरलेले मासे जिवाच्या आकांताने डोह सोडून नदीच्या वरच्या अंगाला पळाले. एकही मेला नाही.

"समुद्राचं यंत्र हाय. नव्या पाण्यात रुळाय येळ लागला, पर लई गुणाचं निघालं," म्हणत कल्याणआप्पांनी यंत्राला हार घातला. देवाच्या माशांवर काठी उगारणाऱ्या म्हाळूला घाटाची पायरी त्यांनी कालच बंद केली होती.