नव्या साहेबाची सही

वडील गेल्यापासून घराचा कारभार वसंताकडे होता. दापोऱ्याच्या धुरपदाबाई बऱ्हाणपुरात त्याच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी दहाच्या दोन नोटा पुढे केल्या. एकीवर इंग्रजांचा राजा होता, दुसरीवर नवे सिंह.

"वसंतभाऊ, दोन्हींवर सह्या निराळ्या. एखादी खोटी तर नाही ना?"

वसंता हसला. शिकलेल्या माणसाला असा प्रश्न आवडतो.

"खोटी कशाला असेल, मावशी! ही रिझर्व्ह बँकेच्या आधीच्या गव्हर्नरची सही, ही आत्ताच्याची. मोठा साहेब बदलला की सही बदलते."

"अन् हे वर काय लिहिलंय?"

"दहा रुपये देण्याचं वचन."

"आधीचा साहेब तर गेला. त्याचं वचन नवा पाळतो?"

"पाळावंच लागतं! नाहीतर बँकेवर भरवसा कोण ठेवील?"

धुरपदाबाईंनी नोटा कनवटीला लावल्या आणि पिशवीतला नारळ काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मग काढ तिथी. माझी मालू तुझ्या धाकट्या भावाला, सुकलालला करून घ्यायचं वचन तुझ्या बापानं दिलं होतं. आता या घरचा गव्हर्नर तूच, भाऊ."