अडलेला नातू

“नातू पुन्हा अडलाय,” बाई फोनवर म्हणाल्या.

“आता कुठं?” सरांनी विचारलं.

“कोंबड्या आणि शेळ्यांत. डोकी तीस, पाय शहाऐंशी. शेळ्या किती?”

“लिहून घेतो. उद्या सांगतो, आजी.”

सर कधीच लगेच उत्तर देत नसत. बाईंना ते पटे. जाणता शिक्षक घाई करत नाही. शिवाय उद्याचा फोन आजच पक्का होऊन जाई.

शेळ्या तेरा होत्या. बाईंना ते रिसीव्हर उचलण्याआधीच माहीत होतं. उभा जन्म त्यांनी शाळेत गणितच शिकवलं होतं. आणि नातू म्हणाल, तर बाईंचं लग्नच झालेलं नव्हतं. पोरगा मात्र दहावीपर्यंत पोचला होता.

सुरुवात कपाट आवरताना झाली. एकसामयिक समीकरणांचं जुनं सरावपुस्तक हाती लागलं. मागच्या पानावर लेखक-सरांचा नंबर होता: ‘शाब्दिक उदाहरण अडल्यास संध्याकाळी सहानंतर फोन करावा.’ त्या दिवशी बाई कुणाशीच बोलल्या नव्हत्या. दूधवालाही हल्ली पिशवी दाराला अडकवून जाई. त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला आणि बाई गडबडल्या.

“सर ना? माझा नातू अडलाय हो,” त्या म्हणून गेल्या.

पलीकडे काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, “सांगा.”

तेव्हापासून संध्याकाळ झाली की बाई केस नीट करत, चष्मा पुसत आणि फोनशेजारी बसत. खोटं बोलायचं तर नीटनेटकं, हा त्यांचा खाक्या. नातवाला उंची दिली, डावखुरेपण दिलं, अधूनमधून घसा धरायला लावला. पोराच्या चुकाही त्यांनी निवडून काढल्या, ज्यांच्याभोवती आयुष्यभर लाल गोल काढले होते त्याच.

“आईचं वय मुलाच्या चौपट. पाच वर्षांनी तिप्पट होईल. आमच्या दिवट्याचं उत्तर येतंय मुलगा उणे पाच वर्षांचा.”

“म्हणजे अजून जन्मायचाय की!”

“तेच तर.”

दुसऱ्या दिवशी सरांनीच फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता. “सापडली, आजी! चूक सापडली! त्यानं पाच वर्षं फक्त आईला लावलीत. अहो, पोरगंपण मोठं होतं की. का आई एकटीच म्हातारी होते?”

बाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

“ऐकताय ना?”

“ऐकतेय. सांगते त्याला.”

सरांच्या मागे मधूनच सूंऽऽ असा आवाज येई. बाईंनी निदान केलं, दमा. “सर, जरा वाफ घेत जा.”

“दिवसभर वाफेतच असतो, आजी,” सर हसले. “तुमचं काय? जेवण झालं? का नातवाच्या नादात राहिलं?”

जेवण झालं का, हे बाईंना कुणी विचारून किती दिवस झाले होते, ते हिशेबाला पक्क्या असूनही त्यांना सांगता आलं नसतं.

मग परीक्षेचे दिवस आले. इथं पंचाईत झाली. पोरगा पास झाला तर फोन बंद. बाईंनी त्याला नापास केलं. एवढ्या नोकरीत कुणाला इतक्या खुशीनं नापास केलं नव्हतं.

“अरेरे!” सर म्हणाले. पण त्या ‘अरेरे’त दुःख बेताचंच होतं. “मग काय, पुन्हा पहिल्यापासून. मलाही उजळणी होईल.”

आणि अचानक एके संध्याकाळी फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बाईंनी रिसीव्हर इतका वेळ कानाशी धरला की कान तापला. त्यांना तो सूंऽऽ आवाज आठवत राहिला. चौथ्या दिवशी पुस्तक पिशवीत घालून त्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या.

“या सरांचा पत्ता मिळेल? आपल्याच गावातले ना?”

दुकानदारानं पुस्तक उलटंपालटं केलं. “सर? सर जाऊन चार वर्षं झाली, बाई.”

बाईंनी मागच्या पानावरच्या नंबरवर बोट ठेवलं.

“घर होतं नदीकडच्या रस्त्याला. मुलांनी ते भाड्यानं दिलं, सामानसुमान आणि फोनसकट. लॉन्ड्री आहे तिथं आता. पण जाऊ नका, बंद आहे. लॉन्ड्रीवाल्याचा हात भाजलाय. चार दिवस दवाखान्यात होता. पुस्तकात बघत इस्त्री करत होता म्हणे! साठीचा माणूस, पण काय वेड लागलंय कळत नाही.”

“कसलं पुस्तक?” बाईंनी हळूच विचारलं.

“हेच हो, तुम्ही आणलेलं. गणिताची होती नव्हती तेवढी सगळी पुस्तकं वर्षभरात घेऊन गेला. आज दुपारीच दवाखान्यातून सुटला, तर हाताला हे एवढं बँडेज आणि तसाच थेट माझ्या दारात. घाईत होता. आणखी अवघड उदाहरणं हवीत, उत्तरांसकट, आणि सहाच्या आत घरी पोचायचंय.” दुकानदार हसला. “मी म्हटलं, कशाला रे बाबा? तर म्हणतो, नातू अडलाय. आता बोला! ज्याचं लग्नच झालं नाही, त्याला नातू कुठला?”