धुतलेला स्पंज

डिस्कस माशांची पिशवी तिने टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवली. ही जोडी आणायचं शिरीषच्या मनात होतं, पण त्याआधी तोच गेला. त्याने लावलेली पाणवनस्पती तिने जगवली, मासे सोडण्याआधी महिनाभर पाणी तयार होऊ दिलं.

"फिल्टरमधला स्पंज मी सकाळी धुतला हं," मागून सासूबाई म्हणाल्या. "साबण लावून. केवढी घाण साचली होती."

तिचा हात तिथेच थांबला. त्या घाणीतच पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू वाढले होते. आता मासे टिकणार नव्हते.

ओरडायलाच ती वळली. मुलगा गेल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. आज त्यांनी वेणीही घातली होती.

"बरं केलंत, आई," म्हणत तिने पिशवी बाहेर काढली.

"का गं, सोडत नाहीस?"

"पाणी अजून तयार नाही. महिनाभर दुकानातच राहू देत."

"राहू देत की," सासूबाई म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "तोवर स्पंज मी रोज धुऊन ठेवीन."