सोडायला आलेली माणसं

अठरा पूर्ण झाली म्हणून अनाथाश्रमातून बाहेर पडलेली पोरगी दोन महिने शिवणमावशींच्या दुकानात काज-बटणं करत होती. आज ती बॅग घेऊनच आली.

"मावशी, मोठ्या शहरात हॉटेलात काम मिळालंय. राहणं, खाणं सगळं त्यांचंच. दुपारी साहेब न्यायला येतायत."

सगळं फुकट देणारा हा साहेब मावशींना काही खरा वाटेना. पण पोरीचा फुललेला चेहरा बघून "नको जाऊस" म्हणायला जीभ रेटेना. आणि म्हटलं असतं तरी ती ऐकणार थोडीच होती. त्यांनी शेजारच्या सलूनवाल्याला हाक मारली, समोरच्या औषधवाल्या बाईंना निरोप धाडला, आणखी आजूबाजूच्या दुकानदारांनाही बोलावून घेतलं.

साहेब आला तेव्हा दुकानाच्या पायरीवर सात जण उभे होते.

"हे कोण?" त्यानं पोरीला विचारलं. "तू तर म्हणाली होतीस, तुला कोणीच नाही."

"मी मावशी, हे काका," सलूनवाल्याकडे बोट दाखवत मावशींनीच उत्तर दिलं. "पोर पहिल्यांदाच लांब चाललीय, तेव्हा आम्ही दोघं तिला सोडायला येतो. काम बघतो, खोली बघतो, की लगेच माघारी."

"गाडीत जागा नाही," तो म्हणाला. मग घड्याळ बघत "उद्या बघू" असं काहीसं पुटपुटला, गाडीत बसला आणि निघूनही गेला.

पोरगी मावशींवर चिडून बोलणार होती, पण तिची नजर रस्त्यावरून हलेना.

"मावशी," ती म्हणाली, "गाडी तर रिकामी होती."