चार इंच उंच

या, अशा जवळ सरका. टाळ ठेवा घडीभर खाली. बुवांना यायला अजून अवकाश आहे. तोवर शिवदास मेस्त्रीची गोष्ट सांगतो. कीर्तनात पुढे बसून उपरण्याने डोळे पुसतो ना, तोच. दहिसरला चेकनाक्याच्या अलीकडे त्याचं गॅरेज. पिकअप गाड्यांचे स्प्रिंगचे पाटे बदलायचे, धक्के झेलणारे शॉकअप बसवायचे, हेच त्याचं काम.

एका सकाळी बोरीवलीहून भीमराज आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. सोबत त्याची आई, सुंदराबाई. गुडघ्यांवर हात टेकत, एकेक पाऊल मोजल्यासारखी चालत होती.

शिवदासने गाडीखाली डोकं घातलं. "पाटे दमलेत, साहेब. माल किती भरता?"

"आता नाही भरत."

"मग गॅसचे शॉकअप घाला. गाडी पाळण्यासारखी चालेल. आईंच्या कंबरेला आराम."

"धक्के बसले तरी चालतील," भीमराज म्हणाला. "उंच करायचीय. किती वर जाईल?"

"का हो? नॅशनल पार्कात वाघ धरायला जाताय?"

भीमराज हसला नाही. आवारात गिऱ्हाइकांच्या तसल्याच दोन पिकअप उभ्या होत्या, एक दोन इंच उचललेली, दुसरी चार. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "आईला चढून बघू दे."

शिवदासला बरं वाटलं. चला, पोरगं आईचा विचार करतंय.

सुंदराबाईंनी पहिल्या गाडीचं दार उघडलं, स्टिअरिंगला हात घातला, एक हिसका दिला आणि बसल्या वर. "बसले की!" चेहरा कसा फुलला होता.

"झकास!" शिवदास म्हणाला. "मग दोन इंच फायनल."

"नाही. ही नको."

"अहो, चढल्या ना आई?"

"म्हणूनच नको."

शिवदासला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या गाडीची पायरी म्हातारीच्या गुडघ्याच्या वर आली. तिने पाय टाकला, घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. भीमराज मागे दोन्ही हात पुढे करून उभा होता, पण एक बोट लावायला तयार नाही. शेवटी शिवदासच धावला आणि तिला धरून खुर्चीत बसवलं.

"मेलं हे गुडघं!" ती धापा टाकत हसली. "गाडी ब्येस हाय रे भाऊ, माझंच गुडघं गेलं." मग शिवदासकडे वळली. "आमची ती गाडी बी माझ्या पैशाची हाय, मेस्त्री. शहाळी विकून घेतलीय."

पोटच्या पोराला ती भाऊ म्हणत होती. परक्याला हाक मारावी तशी. घरात किती दुरावा असेल, शिवदासच्या मनात आलं.

"हीच उंची," भीमराज म्हणाला. "हीच करा." डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला होता.

तो सैल चेहरा बघून शिवदासला शिसारी आली. पाल अंगावर पडावी तशी. आईच्या घामाची गाडी, आणि हा ती तिलाच चढता येणार नाही एवढी उंच करून मागतो! हातातला पाना त्याने आपटला.

"परवाच बुवांनी श्रावणबाळाचं आख्यान लावलं होतं. त्याच्या कावडीला कुठला शॉकअप होता रे? त्याचा खांदा होता, खांदा! आणि तू? आई गाडीत बसू नये म्हणून कारागीर शोधत फिरतोस? तुझ्याकडे बघून मळमळतं मला. थू तुझ्या शिक्षणावर! उचल गाडी. हे पाप माझ्या हातून व्हायचं नाही."

भीमराजने स्वतःच्या पिकअपमधून एक लाकडी स्टूल काढलं, डाव्या दाराशी ठेवलं. आईला कवेत घेऊन वर चढवलं, पट्टा लावला, पदर दारात अडकणार नाही असा आत सरकवला. मग शिवदासजवळ आला.

"शेठ, ह्या बाजूने मी तिला कितीही उंच गाडीत बसवीन." त्याचा आवाज अगदी खाली होता. "तिला चढता यायला नको ते उजव्या दाराने. ड्रायव्हरच्या. जन्मभर तिनेच चालवली हो गाडी. आता मी ऑफिसला गेलो की शहाळी आणायला निघते. मागच्या आठवड्यात हायवेवर उलट्या दिशेने चालवताना सापडली. चावी लपवली तर मला चोर म्हणते, रडते, जेवत नाही. गुडघ्यांमुळे चढता आलं नाही की मात्र स्वतःच हसते. बघितलंत ना तुम्ही?"

शिवदासने आपटलेला पाना वाकून उचलला.

"ओ मेस्त्री!" काचेतून हाक आली. तो गेला. सुंदराबाईंनी त्याला जवळ बोलावलं, भीमराजकडे अंगठा केला आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो भाऊ लय भला मानूस हाय. रोज फिरवून आनतो मला. पर माझं पोरगं शाळेतनं यील एवढ्यात. बारकं हाय वो. आई कुठं म्हनत हितं आलं तर बसवून ठेवा. इसरू नका माझ्या भीमराजला."