मांडवातलं पाणी

२०१४ सालचा मे महिना. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात जीवरामच्या दारी मांडव पडला होता. मुलीचं, किरणचं, साडेअकराचं लग्न होतं. सकाळी आठ वाजता उपकेंद्राच्या ज्योत्स्ना सिस्टर मांडवात आल्या. बायांना वाटलं, लवकर आल्या. पण त्यांच्या हातात आहेर नव्हता. काचेची एक नळी होती आणि औषधाची छोटी बाटली.

मांडवाच्या कडेला पाण्याचे चार ड्रम ओल्या गोणपाटाने झाकून ठेवले होते. सिस्टरांनी एका ड्रममधलं पाणी नळीत घेतलं, बाटलीतले दोन थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाण्यात जंतू मारायची पावडर असली की रंग पिवळा होतो. पाणी होतं तसंच राहिलं.

जीवराम समोर उभा होता. गावच्या टाकीत रोज ती पावडर टाकणं हे त्याचंच काम. सतरा वर्षांत त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती.

"कधीपासून नाही टाकली, भाऊ?"

"तीन दिन व्हयनात."

ही रीत गावात केव्हा पडली, ते कुणालाच सांगता आलं नसतं. ज्या घरी लग्न, त्या घरचा कर्ता आदल्या संध्याकाळी जीवरामकडे येऊन बसायचा, चहा घ्यायचा आणि उठताना म्हणायचा, उद्या आमच्याकडे कार्य आहे. तेवढ्यात सगळं आलं. पावडरीने चहाला वास येतो, वरणाला वास येतो, पाहुणे नावं ठेवतात. एक दिवस नाही टाकली तर काय होतं? आणि खरंच, कधी काही झालं नव्हतं. या वेळी सांगायला कुणी यायची गरज नव्हती. घरचंच कार्य, म्हणून जीवरामने एकाऐवजी तीन दिवस धरले.

साखरपुड्याला धुळ्याहून नवऱ्या मुलाची आजी तानुबाई आली होती. एक घोट घेऊन तिने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "या गावना पाणीले दवाखानाना वास येस." सगळे हसले होते. जीवराम हसला नव्हता.

सिस्टरांनी आवाज खाली ठेवून सांगितलं, की रात्रीपासून खालच्या गल्लीत पाच जणांना जुलाब-उलट्या आहेत. सुमनबाईचे तर डोळे आत गेलेत, तिला पहाटेच चोपड्याला पाठवलं. खालच्या गल्लीत नळाचा पाइप गटारीखालून जातो, कुठेतरी फुटला असणार. पावडर होती तोवर निभावलं.

"बाई, आजना दिन सोडी द्या," जीवराम म्हणाला. "याही-पाव्हना येतीन दहा वाजता. पोरले जलमभर ऐकनं पडी."

"जेवायला किती पानं आहेत?"

"पाचशे."

सिस्टरांनी चारही ड्रमांवरून नजर फिरवली. नळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

जीवराम घरात गेला आणि बादली घेऊन आला. मागच्या अंगाला बसून त्याने पावडर कालवली, गाळ बसू दिला, वरचं निवळ पाणी थोडं थोडं चारही ड्रममध्ये ओतलं. उरलेलं घेऊन तो टाकीवर चढला. आदल्या दिवशीची हळद अजून त्याच्या कोपरापर्यंत होती.

अर्ध्या तासाने सिस्टरांनी पुन्हा पाणी घेतलं. दोन थेंब पडले आणि नळी पिवळी झाली.

"देखा व माय," चुलीशी बसलेली एक बाई म्हणाली, "पाणीले बी हळद लागनी."

बाया हसल्या. किरण दारातून बघत होती. लहानपणी वडिलांची ही बादली तीच धरायची.

दहाला पाहुणे आले. मोठी म्हणून पहिला ग्लास तानुबाईच्या हातात गेला. तिने तो नाकाजवळ नेला आणि मांडवभर नजर फिरवली.

"वास तोच शे."

"हा, माय, शे," जीवराम म्हणाला. त्याने हात जोडलेले होते. "मीच टाकेल शे. आठे लहानमोठा बठ्ठासले हाईच पाणी शे."

तानुबाईने ग्लास खाली ठेवला. पाठवणी होईपर्यंत, त्या उन्हात, तिने पाण्याचा थेंब घेतला नाही.

पाचशे माणसांतलं कुणी आजारी पडलं नाही. खालच्या गल्लीतले चौघे आठवड्यात बरे झाले. सुमनबाई तिसऱ्या दिवशी गेली. लग्नाची पत्रिका तिच्या कोनाड्यात तशीच होती.

ग्रामसभेत जीवरामने उभं राहून सांगितलं, की त्याने तीन दिवस पावडर टाकली नव्हती. कुणी विचारलं नव्हतं. त्याला कामावरून काढायचा विषय निघाला आणि तिथेच थांबला. काढायचं तर आजवरच्या प्रत्येक लग्नघराला त्याच्या शेजारी उभं करावं लागलं असतं. त्यानंतर आठ वर्षं तो त्याच कामावर होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्याकडे चहाला कुणी आलं नाही. गटारीखालचा पाइप त्या दिवाळीच्या आत बदलला. ज्योत्स्ना सिस्टरांची बदली शिरपूरकडे झाली. तानुबाई नव्वदीला टेकली आहे आणि त्या मांडवातल्या पाण्याचा विषय अजून प्रत्येक कार्यात काढते.

किरण धुळ्यात असते. ग्लास तोंडाला लावायच्या आधी ती तो नाकाजवळ नेते. वास आला, की निर्धास्त पिते.